चौरागडचा महादेव : यात्रेची बोली आणि इतिहासाचा पुरावा

वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातील अल्लीपूर हे गाव काळ्या मातीच्या सपाट मुलखात वसले आहे. कापूस, तूर आणि हरभरा यांच्या शेतांतून सभोवार नजर फिरविली, तर डोंगर म्हणावा असे काही सहसा दृष्टीस पडत नाही. तरीही माघाचा वद्यपक्ष लागला की या गावाच्या बोलण्यात डोंगर येतो. कापसाची वेचणी बहुतेक आटोपलेली असते, तूर घरात आलेली असते, आणि मग चार घरची माणसे एकत्र जमून ‘पोहा’ केव्हा निघावयाचा याचा विचार करू लागतात. हा पोहा निघतो तो मध्यप्रदेशात, सातपुड्याच्या ऐन गाभ्यात, पंचमढीजवळच्या चौरागड नावाच्या शिखरावरील महादेवाकडे. महाशिवरात्रीच्या सुमारास विदर्भातील गावोगावचे असे पोहे त्या वाटेला लागलेले असतात. अल्लीपूरच्या एका पोह्याबरोबर मला ही यात्रा घडली. यात्रावर्णन लिहिण्याचा मात्र येथे हेतू नाही. वाटेत जे शब्द कानी पडले त्यांच्या आधाराने या देवस्थानाच्या इतिहासाबद्दल काय म्हणता येते व काय म्हणता येत नाही, एवढेच पाहावयाचे आहे.

प्रथम ‘पोहा’ या शब्दाविषयी. जुन्या मराठीत आणि आजच्या ग्रामीण बोलीतही पोहा म्हणजे गुरांचा कळप. पंढरीस जाणाऱ्यांची ‘दिंडी’ असते, काशीस जाणाऱ्यांचा ‘संघ’ किंवा ‘काफिला’ असे. महादेवास जाणाऱ्यांचा मात्र पोहा. शब्दाची ही निवड मला निरर्थक वाटत नाही. दिंडी या शब्दामागे पताका, वीणा, क्रम आणि संप्रदायाची शिस्त आहे. पोहा या शब्दामागे गोपालकांचे जीवन आहे : चाऱ्यापाण्याच्या शोधात रानोमाळ हिंडणारी जनावरे आणि त्यांच्यामागून चालणारी माणसे. सातपुड्याची कुरणे आणि वऱ्हाड-नागपूरचे मैदान यांच्यामध्ये गुराढोरांची ये-जा पिढ्यान् पिढ्या होत आली आहे. यात्रेची वाट ही आधी गुरांची वाट होती, असे विधान एका शब्दावरून करणे धाडसाचे ठरेल. परंतु ज्या समाजाने हा शब्द वापरला त्याला यात्रा आणि चराई या दोन गोष्टी एकमेकींपासून फार दूरच्या वाटत नव्हत्या, इतके म्हणावयास हरकत नसावी.

दुसरा शब्द त्याहून महत्त्वाचा आहे. पूर्वी पायी जाणारे लोक छिंदवाडा जिल्ह्यातील जुन्नारदेव येथून डोंगरात शिरत. आजही कित्येक जण शिरतात. तेथील देवस्थानास ‘पहली पायरी’ म्हणतात. नाव उघडच संकरित आहे : ‘पहली’ हे क्रमवाचक हिंदी, तर ‘पायरी’ हे नाम मराठी. हिंदीत ‘पैडी’ असा सजातीय शब्द आहे आणि हरिद्वारच्या ‘हर की पैडी’मुळे तो आपणांस ऐकून माहीत असतो, ही शंका कोणी काढील म्हणून सांगतो की ‘पायरी’ हे रेफयुक्त रूप मराठीचे आहे. पायाशी संबंध स्पष्ट ठेवणारे आहे. भोवतालच्या खेड्यांत हिंदी व गोंडी चालते. अशा प्रदेशात डोंगराच्या पहिल्या ठाण्याचे नाव मराठी शब्दाने रूढ व्हावे याचा अर्थ असा की ते नाव तेथील रहिवाशांपेक्षा तेथून जाणाऱ्यांनी दिले, आणि जाणारे इतक्या संख्येने व इतका दीर्घकाळ जात राहिले की रहिवाशांनीही तेच उचलले. हस्तलिखित दप्तर नसलेल्या देवस्थानाच्या बाबतीत असे स्थलनाम हा एक प्रकारचा लेखच होय. अमुक साली अमुकाने जीर्णोद्धार केला असे तो सांगत नाही. पण वाहतूक कोठून कोठे होती हे सांगतो.

येथे राजकीय भूगोलाची थोडी आठवण ठेवली पाहिजे. आज महाराष्ट्र आणि मध्यप्रदेश यांची सीमा ओलांडून यात्रेकरू जातात, म्हणून आपण त्यांना परराज्यात जाणारे समजतो. पण ही सीमा १ नोव्हेंबर १९५६ ची आहे. त्यापूर्वी नागपूर, वर्धा, छिंदवाडा आणि होशंगाबाद हे जिल्हे एकाच प्रांतात होते. नागपूर ही त्या प्रांताची राजधानी आणि पंचमढी हे तिचे उन्हाळी ठाणे होते. त्याही आधी देवगडचे गोंड राज्य छिंदवाड्याच्या डोंगरांतून नागपूरच्या मैदानावर उतरले होते. बख्तबुलंद या देवगडच्याच राजाने अठराव्या शतकाच्या प्रारंभी नागपूर शहराचा पाया घातला. म्हणजे डोंगर आणि मैदान हे एका सत्तेचे दोन भाग असण्याची स्थिती कमीअधिक अडीचशे वर्षे टिकली. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) नागपुरी मराठीचा विस्तार छिंदवाडा, शिवनी, बालाघाट या जिल्ह्यांत दाखविला आहे, तो याच इतिहासाचा भाषिक अवशेष. सौंसर व पांढुर्णा या भागांत मराठी आजही घरात बोलली जाते. पोहा सावनेरहून सौंसरला पोचतो तेव्हा कोणालाच आपण परमुलखात आलो असे वाटत नाही. तामियाचा घाट चढू लागल्यावर मात्र माणसे जरा गप्प होतात.

चौरागड या नावाने इतिहासलेखनात एक गोंधळ माजविला आहे, त्याचा निरास येथेच करणे बरे. चौरागड नावाचा प्रसिद्ध किल्ला नरसिंहपूर जिल्ह्यात आहे. गढा-मंडल्याच्या गोंड राजांचा तो खजिन्याचा किल्ला. राणी दुर्गावतीच्या मृत्यूनंतर १५६४ मध्ये अकबराचा सरदार आसफखान याने तो घेतला व राणीचा पुत्र वीरनारायण तेथे पडला. पुढे ओरछाच्या जुझारसिंहाने याच किल्ल्यासाठी गोंड राजा प्रेमनारायण याचा घात केला. पंचमढीच्या चौरागडाशी या घटनांचा संबंध नाही. यात्रामाहात्म्य सांगणाऱ्या कित्येक पुस्तिका हा इतिहास खुशाल पंचमढीस चिकटवितात आणि दुर्गावतीला महादेवाच्या पायऱ्या चढावयास लावतात. पंचमढीचे शिखर किल्ला नव्हेच. सातपुड्याच्या या भागात ‘गढ’ हा शब्द तटबंदी नसलेल्या शिखरांसही लावतात. सुमारे १,३५० मीटर उंचीचा धूपगड, जो सातपुड्यातील सर्वांत उंच, त्यावरही किल्ला नाही. आपल्याकडे सप्तशृंग गड म्हणताना आपण किल्ल्याचा विचार करीत नाही, तसेच हे. पूर्वपद ‘चौरा’ हे हिंदी प्रदेशात ग्रामदेवतेच्या ओट्याला म्हणतात. तेव्हा चौरागड म्हणजे ‘ज्यावर देवाचा ओटा आहे ते शिखर’ ही व्युत्पत्ती मला सर्वांत सरळ वाटते. चौरा बाबा नावाच्या तपस्व्याची जी कथा सांगतात ती नावावरून नंतर रचली गेली असावी. स्थलनामाचा अर्थ विसरला म्हणजे त्यातून एखादा पुरुष उत्पन्न होतो, हे स्थलनामांच्या अभ्यासकास नेहमीचेच आहे.

शिखराची उंची सुमारे १,३०० मीटर. बडा महादेव या गुहेपासून वाट निघते आणि सुमारे तेराशे पायऱ्या चढाव्या लागतात. खांद्यावर लोखंडी त्रिशूळ असतात. हातात सहज मावेल अशा त्रिशूळापासून चौघांनी आळीपाळीने वाहावा लागणाऱ्यापर्यंत सर्व प्रकार. देवळाच्या भोवती अशा त्रिशुळांचे रान उभे आहे. हजारो त्रिशूळ, एकमेकांत गुंतलेले, जुने तांबूस गंजलेले आणि नवे काळे करकरीत. बहुतेक नवसाचे, आणि नवस बहुतेक अपत्याचा.

चढताना एक गोष्ट कानी येत होती, तिची नोंद भाषेच्या अभ्यासकाने करावयासच हवी. देवाला हाक मारताना आमची माणसे नावापुढे ‘गा’ लावीत. हा संबोधनाचा निपात महानुभावांच्या गद्यात आणि ज्ञानेश्वरीत पदोपदी भेटतो. प्रमाण मराठीतून तो केव्हाच गेला. वऱ्हाडी-नागपुरीत तो जिवंत आहे, पण तेथेही त्याची जागा ठरलेली आहे : बरोबरीच्या किंवा जवळच्या पुरुषाला ‘गा’, वडीलधाऱ्याला अथवा परक्या प्रतिष्ठिताला ‘जी’. माझ्याशी बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी ‘जी’ येई. महादेवाशी बोलताना ‘गा’. म्हणजे प्राध्यापक हा परका आणि महादेव हा आपला. त्रिशूळ वाहणाऱ्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला मी विचारले, “बाबाजी, एवढं वजन कशाला घेतलंत?” तो म्हणाला, “जावयाच्या घरी जाऊन रायलो जी. रिकाम्या हातानं कसा जाऊ?” पार्वती ही आपल्याकडची लेक, डोंगरात दिलेली, आणि महादेव हा जावई, हा भाव विदर्भातील यात्रेकरूंमध्ये सर्वत्र आढळतो. कोणी ती मैना गोंडिणीची लेक म्हणून सांगतात. हिमालय, मेनका आणि दक्षाचा यज्ञ या पुराणकथांशी या नात्याचा मेळ बसत नाही आणि तो बसवावा अशी कोणाची इच्छाही दिसत नाही. मेनकेची मैना झाली आहे आणि मैनेची गोंडीण झाली आहे, एवढे ध्वनिसाम्य पुरेसे ठरले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. या डोंगरावरील देव कोणाचा? प्रश्न केवळ विद्वानांचा राहिलेला नाही. गेल्या काही दशकांत गोंड समाजात जी धर्मजागृती झाली तिच्या दृष्टीने पंचमढी हे कोयापुनेमाचे आद्यस्थान आहे. नागपूरचे गोंडी भाषेचे अभ्यासक मोतीरावण कंगाली (१९४९–२०१५) यांनी अठ्ठ्याऐंशी शंभूंची परंपरा मांडली. तीत शंभू-मूला हे पहिले, शंभू-गौरा हे मधले आणि शंभू-पार्वती हे अखेरचे युगुल. या मांडणीप्रमाणे शंभू ही गोंडांच्या मुखियांची पदवी असून हिंदूंचा महादेव हे तिचे उत्तरकालीन रूपांतर ठरते. उलट पक्षी, यात्रामाहात्म्ये भस्मासुराची कथा सांगून शंकर येथेच लपले असे म्हणतात आणि गोंड-कोरकूंना ‘भोळे वनवासी भक्त’ या भूमिकेत ठेवतात. दोन्ही पक्ष सर्वस्वाचा दावा करतात. अल्लीपूरचा शेतकरी मधूनच त्रिशूळ घेऊन चढतो, आणि त्याचा पक्ष कोणी विचारीत नाही.

लिखित पुराव्यांत मोलाचा आहे तो लिंगोच्या गीताचा. स्टीफन हिस्लॉप हे नागपुरात १८४५ पासून राहिलेले स्कॉटिश मिशनरी. टाकळघाटजवळची शिलावर्तुळे पाहून परतताना १८६३ मध्ये ते नाल्याच्या पुरात बुडून मरण पावले. त्यांच्या कागदपत्रांत परधानाच्या तोंडून उतरून घेतलेले हे गोंडी गीत सापडले व रिचर्ड टेंपल यांनी ते १८६६ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात महादेव आहे, पार्वतीही आहे. पण त्यांच्या भूमिका पाहण्यासारख्या आहेत. महादेवाला गोंडांचा वास सहन होत नाही. तो त्यांना गुहेत कोंडतो आणि तोंडावर शिळा ठेवतो. पार्वतीला मात्र त्यांच्यावाचून करमत नाही. ती त्यांच्यासाठी तप करते. पुढे लिंगो येतो, महादेवाला आपल्या तपाने नमवितो आणि आपल्या लोकांना सोडवितो. तेव्हा या गीतातला महादेव हा गोंडांचा आद्यदेव नव्हे. तो बलवान शेजारी आहे, तुरुंगाधिकारी आहे, ज्याच्याशी झगडून स्वत्व मिळवावे लागले असा. गीतातील काचीकोपा लोहागड हे स्थळ पंचमढीच्या तांबड्या वालुकाश्माच्या डोंगरांशी जोडण्याचा प्रघात आहे.

कोरकूंची कथा अगदी वेगळी. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ च्या ग्रंथात ती दिली आहे. विंध्य-सातपुडा निर्मनुष्य पाहून रावणाने महादेवाची प्रार्थना केली. महादेवाने कावळ्याकरवी तांबडी माती शोधून काढली व तिच्या दोन बाहुल्या केल्या. इंद्राच्या अग्निमय घोड्यांनी त्या तुडविल्या. मग महादेवाने त्यांच्या रक्षणाला कुत्रा केला आणि पुन्हा स्त्रीपुरुष घडविले. मूला आणि मुलई ही ती जोडी. येथे महादेव कुंभारासारखा घडविणारा आहे. कोरकू भाषा मुंडा कुळातली, त्या कुळाची सर्वांत पश्चिमेकडील शाखा. ‘कोर’ म्हणजे माणूस व ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. गोंडी द्रविड कुळातली. मराठी आर्य कुळातली. तीन भाषाकुळांची माणसे एका शिखराकडे पाहतात, आणि तिघांच्या तोंडी देवाचे नाव ‘महादेव’ हेच असले तरी नाते निरनिराळे आहे : एकाचा तो बंदी करणारा, दुसऱ्याचा घडविणारा, तिसऱ्याचा जावई. नाव एक म्हणून देव एक, असे समजणारा संशोधक येथे फसेल. आणि नाते निराळे म्हणून देव निराळे, असे म्हणणाराही फसेल, कारण तिन्ही कथांत डोंगर तोच आहे.

कंगालींच्या मताचा परामर्श घेताना दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. ‘शंभू’ हा शब्द गोंडी आहे हे मला मान्य करता येत नाही. ‘शम्’ व ‘भू’ यांपासून झालेला तो संस्कृत शब्द असून त्याची परंपरा जुनी व निर्वेध आहे. सिंधुलिपी गोंडीच्या साहाय्याने वाचण्याच्या त्यांच्या प्रयत्नाविषयीही माझे मत अनुकूल नाही. परंतु व्युत्पत्ती चुकली म्हणून दावा चुकला, हा तर्क आळशी आहे. देवाचे नाव संस्कृत असले तरी त्याचे स्थान, त्याचे पुजारी आणि त्याची वाट संस्कृत असलीच पाहिजे असे नाही. या बाबतीत ‘भोपा’ हा शब्द फार बोलका आहे. महादेव डोंगरातील देवस्थानांचे परंपरागत रखवालदार कोरकू घराण्यांतील भोपे असत असे ब्रिटिशकालीन लेखनातून कळते. भोपे हे आपल्याकडे तुळजापूरच्या भवानीचे पुजारी. राजस्थानात भोपा हा देवाची पडवस्त्रे घेऊन गाणारा. हा शब्द कोणत्याही एका जातीचा किंवा भाषेचा नाही. ब्राह्मण पुरोहित नसलेल्या, देवाच्या अंगात येण्याशी व रखवालीशी संबंध असलेल्या पुजाऱ्याचा तो शब्द आहे. पंचमढीचा देव ज्यांच्या हाती होता ते कोरकू होते, आणि त्यांच्या अधिकाराला आजूबाजूच्या सर्व भाषिकांनी आपल्या ओळखीचे नाव दिले होते.

‘बडा महादेव’ या नावाविषयी एक आकर्षक उपपत्ती मांडता येते. गोंडांचा श्रेष्ठ देव म्हणजे फडापेन किंवा परसापेन. त्याचे हिंदी भाषांतर बडादेव. मग बडादेव आणि महादेव यांचा मिलाफ होऊन ‘बडा महादेव’ असे दुहेरी मोठेपणाचे नाव निपजले. विद्यार्थ्यांना ही उपपत्ती फार आवडते. पण पंचमढीतच ‘गुप्त महादेव’ आहे, ‘छोटा महादेव’ही आहे. जेथे छोटा आहे तेथे मोठ्याला बडा म्हणणे साहजिक आहे. सोपे स्पष्टीकरण उपलब्ध असता अवघड स्पष्टीकरणाकडे धावू नये.

या डोंगराने मराठी राजकारणातही एकदा स्थान मिळविले. सीताबर्डीच्या लढाईनंतर (नोव्हेंबर १८१७) आप्पासाहेब भोसले पदच्युत झाले. अलाहाबादेकडे नेत असता मे १८१८ मध्ये ते पहाऱ्यातून निसटले आणि महादेव डोंगरात गेले. गोंड सरदारांनी त्यांना तेथे आश्रय दिला, आणि १८१९ च्या प्रारंभापर्यंत त्या डोंगरांतून धामधूम चालली. मग ते असीरगडास गेले व अखेर १८४० मध्ये जोधपुरास वारले. नागपूरच्या गादीवरचा मराठा राजा संकटात कोणत्या दिशेने पळाला, याकडे लक्ष द्यावे. पळणारा माणूस नेहमी माहितीच्या वाटेने पळतो.

इंग्रज अधिकाऱ्यांचे लेखन मात्र हा डोंगर जणू त्यांनीच शोधून काढला अशा थाटात चालते. कॅप्टन जेम्स फोर्सिथ १८६२ मध्ये येथे आला, त्याने बायसन लॉज बांधले, आणि १८७१ मध्ये त्याचे मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ प्रदेशाविषयीचे पुस्तक निघाले. पुस्तक वाचनीय आहे. जंगल आणि शिकार यांविषयी त्याची नजर तीक्ष्ण आहे. परंतु ‘पंचमढीचा शोध’ हा जो वाक्प्रचार मार्गदर्शकांच्या तोंडी आजवर टिकला आहे, तो ऐकून चौरागडच्या वाटेवरील कोणत्याही म्हातारीला हसू येईल. तिच्या आजेसासूने हा शोध लावला होता.

त्याआधीचा एक लेखक आहे, त्याचा उल्लेख करताना मला संकोच होतो. पण टाळता येत नाही. स्लीमन, जो ठगांच्या बंदोबस्तामुळे प्रसिद्ध झाला, त्याने १८४४ च्या आपल्या ग्रंथात लिहिले आहे की अपत्यहीन स्त्रिया आपला पहिला मुलगा महादेवाला वाहण्याचा नवस करीत. मुलगा वयात आला की आई त्याला ते सांगे. आणि तो महादेव डोंगरावरील यात्रेच्या वेळी चारपाचशे फूट उंचीच्या कड्यावरून स्वतःला झोकून देई. संस्कृत ग्रंथांत भृगुपात म्हणून जी प्रथा सांगितली आहे तिचाच हा प्रकार, आणि नर्मदेवरील ओंकार-मांधात्यासही ती असल्याचे इंग्रजी अधिकाऱ्यांनी नोंदविले आहे. तेव्हा स्लीमनचे म्हणणे मुळातच खोटे आहे असे मानण्याचे कारण नाही. मात्र त्याच्या लेखनात ऐकीव किती व प्रत्यक्ष किती याची वाटणी केल्याशिवाय ते पुढे नेऊ नये. ‘रानटी प्रजा व दयाळू सरकार’ या चौकटीत प्रत्येक हकीकत नीट बसते, आणि नीट बसणारी हकीकत दोनदा तपासावी.

प्रश्न पुढे येतो तो असा : त्या कड्यावरच्या मुलाच्या जागी आज त्रिशूळ आला आहे काय? नवस तोच, अपत्याचा; देव तोच; शिखरही बहुधा तेच. बळीच्या जागी प्रतीक येणे हे धर्मेतिहासात नवे नाही. नरबळीच्या जागी नारळ आला, असे सांगण्याची आपल्याकडे चालच आहे. तरी मी ही समजूत स्वीकारीत नाही, आणि त्याचे कारण पुन्हा बोलीत आहे. आमच्या पोह्यातील कोणीही त्रिशूळ ‘दिला’ किंवा ‘वाहिला’ असे म्हणत नव्हते. ‘पोचवला’ असे म्हणत. वस्तू ज्याची त्याच्याकडे नेऊन पोचवावयाची. त्रिशूळ हा महादेवाचाच, तो रानात विसरून गेला, अशी कथाही सांगतात. बळीच्या बदली दिलेल्या वस्तूविषयी माणूस असे बोलत नाही. येथे माणूस ऋणको नाही. तो निरोप्या आहे, किंवा लेकीच्या घरी सामान घेऊन निघालेला बाप आहे. एका क्रियापदावर एवढा भार टाकावा काय, असे कोणी विचारील. दुसरा भक्कम पुरावा पुढे येईपर्यंत टाकावा, असे माझे उत्तर आहे. स्लीमनच्या एका परिच्छेदावर आपण याहून अधिक भार टाकीत आलो आहो.

दैवत लोकांचे आहे, एवढे म्हणून थांबण्याची आपल्या अभ्यासाला सवय लागली आहे. कोणत्या लोकांचे, हे विचारले की अडचण होते. चौरागडाच्या बाबतीत उत्तर देताना कोरकू भोप्याला विसरून चालणार नाही, लिंगोच्या गीतातील कोंडलेल्या गोंडांना विसरून चालणार नाही. पण पहिल्या पायरीला मराठी नाव देणाऱ्या पायांनाही उपरे म्हणता येणार नाही. नागपंचमीच्या नागद्वारीच्या यात्रेला तर विदर्भातील माणसांचीच दाटी अधिक असते. मालकीचा प्रश्न न्यायालयात किंवा निवडणुकीत ज्या रीतीने विचारतात त्या रीतीने इतिहासाला विचारला तर इतिहास त्याचे उत्तर देत नाही. वाट कोणाची, रखवाली कोणाची आणि माहेर कोणाचे, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारले तर देतो.

शेवटी एका साधनाकडे लक्ष वेधतो. जुन्या त्रिशुळांच्या दांड्यांवर व आडव्या पट्ट्यांवर लोहाराने छिन्नीने कोरलेली अक्षरे असतात : देणाऱ्याचे नाव, गाव, क्वचित साल. अलीकडच्या त्रिशुळांवर हीच माहिती रंगाने लिहितात आणि दोनतीन पावसाळ्यांत ती धुऊन जाते. कोरलेली अक्षरे गंजाने जातात, पण सावकाश. हे सर्व लेख मिळून विदर्भातील खेड्यांची एक विस्तीर्ण यादीच होते, आणि ती कोणी उतरून घेतलेली माझ्या पाहण्यात नाही. लेखन बोलीप्रमाणे आहे. ‘ळ’च्या जागी ‘य’ किंवा ‘र’, ऱ्हस्वदीर्घ मनाला येईल तसे, आडनावाआधी जातीचा वा धंद्याचा निर्देश. कोणत्या तालुक्यातून यात्रा केव्हा सुरू झाली, केव्हा थांबली, कोणत्या जाती आल्या, दुष्काळाच्या वर्षी संख्या कमी झाली की वाढली, हे सांगणारा एवढा मोठा दप्तरखाना दुसरा नाही, आणि तो उघड्यावर आहे. रचलेले त्रिशूळ हलविले की पट्ट्या निखळतात, आणि निखळलेली पट्टी कोणत्या दांड्याची ते पुन्हा कळत नाही. पदव्युत्तर वर्गातील चार विद्यार्थी वही, ब्रश आणि कागदी ठसे घेऊन यात्रेनंतरच्या निवांत आठवड्यात तेथे राहिले तर एका हिवाळ्यात पुष्कळ काम होईल.

मी स्वतः शिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी ऊन उतरेपर्यंत देवळाच्या मागील बाजूस बसून एकशे बारा लेख उतरविले. त्यांत हिंगणघाट तालुक्यातील गावांची नावे नऊ होती. अल्लीपूर दोनदा आले. एकदा ‘अलिपुर’ असे, आणि एकदा नुसते ‘अल्ली’, पुढची पट्टी तुटलेली. पोह्यातली माणसे खाली उतरण्यासाठी हाका मारीत होती. मला हाक मारताना त्यांच्या तोंडी ‘जी’च होते.